सांगावा

मास्तराने मोटार घेऊ नये, असे माझे प्रामाणिक मत आहे; आणि तरीही गेली सहा वर्षे माझ्या दारात मोटार उभी आहे. ती मी नवी घेतलेली नाही. एका डॉक्टरांनी ती आठ वर्षे वापरली आणि मग मोठ्या प्रेमाने माझ्या गळ्यात घातली. ती डिझेलवर चालते आणि तिचा रंग राखी आहे, यापलीकडे तिच्याविषयी मला फारसे काही सांगता येणार नाही. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. कराडच्या एका शाळेत चित्रकलेचा मास्तर म्हणून मी पोट भरतो आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. पेन्सिलीला टोक काढण्याचे यंत्र सोडले, तर दुसऱ्या कुठल्या यंत्राशी माझी कधी जवळीक झाली नाही. माणसांचे मात्र मला थोडेफार कळते, असा माझा समज होता. माझ्या तिसऱ्या कादंबरीच्या मलपृष्ठावर 'मनाचा ठाव घेणारा लेखक' असे छापलेलेही आहे. हा मजकूर मीच लिहून दिला होता, हे येथे कबूल करून टाकलेले बरे.

गोष्ट २०२४ च्या मे महिन्यातली. चिपळूणजवळच्या आमच्या गावी दोन दिवस राहून आम्ही कराडला परतत होतो. मी, ही, आणि मागच्या सीटवर अण्णा, म्हणजे माझे वडील. दुपारचे दोन वाजले असतील. पोफळी मागे पडली, कुंभार्ली घाटाची वळणे सुरू झाली, आणि चौथ्या की पाचव्या वळणावर मोटारीने जणू अंग टाकले. ती बंद पडली नाही. पण पाय कितीही दाबला तरी बैलगाडीहून जोरात जाईना. समोर एक पिवळा दिवा लागला होता. मागचे ट्रकवाले कर्णे वाजवून माझा उद्धार करीत होते. ही म्हणाली, "अहो, आधी कडेला घ्या बघू."

मी कडेला घेतली. अण्णा काळजीने पुढे वाकले. त्यांना धीर द्यावा म्हणून मी म्हणालो, "काही नाही अण्णा, गाडी तापली."

"साडी फाटली? कुणाची?" अण्णांनी विचारले.

हिने माझ्याकडे पाहिले आणि मी हिच्याकडे. आम्ही दोघेही हसलो नाही. हसण्याचे दिवस केव्हाच मागे पडले होते.

अर्ध्या तासाने मोटार पुन्हा सुरू केली, तेव्हा जसे काही घडलेच नाही अशा साळसूदपणाने ती घाट चढून गेली. कोयनानगर आले, पाटण आले, आणि मी मोटारीचा विचार सोडून पुन्हा अण्णांचा विचार करू लागलो.

अण्णा तेव्हा ८१ वर्षांचे होते. सारे आयुष्य त्यांनी टपालखात्यात पोस्टमन म्हणून घालवले. घाटाखालच्या वाड्यावाड्यांतून, पऱ्हे ओलांडीत, मुंबईच्या मनीऑर्डरी आणि पत्रे त्यांनी घरोघर पोचवली. ज्यांना वाचता येत नसे त्यांना पत्र वाचून दाखवायचे आणि उत्तरही लिहून द्यायचे, हे काम त्यांनी सरकारी कामाइतकेच मानले. आई गेल्यावर ते आमच्याकडे कराडला आले. पहिली दोन वर्षे बरी गेली. मग हळूहळू त्यांचे बोलणे बिनसू लागले. ही विचारी, "अण्णा, गोळी घेतलीत का?" तर ते म्हणत, "होळी होऊन गेली की." ताटावर बसल्यावर विचारावे, "भाजी कशी झालीय?" तर उत्तर यावे, "माझी कपाटात आहे, तुमची तुम्ही बघा." मुंबईहून दादाचा फोन आला म्हणून हाक मारली, "अण्णा, फोन आहे," की ते म्हणत, "कोण आहे ते मला काय विचारता? दार उघडून बघा."

प्रथम नातवंडे खदाखदा हसली. मग आम्ही त्यांना दटावले. मग आम्ही आपसांत हळू आवाजात बोलू लागलो. आणि पुढे एक दिवस असा आला, की कुणीच अण्णांना काही विचारीनासे झाले. वयच झाले, डोके आता पूर्वीसारखे चालत नाही, हे घरात ठरून गेले. कुणी ठरवले, केव्हा ठरवले, हे मला आज सांगता येणार नाही. अशा गोष्टी ठराव करून कुणी संमत करीत नसते.

गावी आम्ही गेलो होतो ते जमिनीच्या कामासाठी. रस्त्यालगतची आमची पाऊण एकर जमीन एका गिऱ्हाइकाला हवी होती. दादाला मुंबईत जागेचे हप्ते भरायचे होते. मलाही मुलीच्या शिक्षणासाठी पैसा हवा होता. सातबारावर नाव अण्णांचे. तेव्हा सही त्यांचीच लागणार. दादाने फोनवर मला सांगून ठेवले होते, "तू त्यांच्या कानावर घाल." मी घातले. ओटीवर त्यांच्याजवळ बसून म्हणालो, "अण्णा, सही करायची आहे."

"दही नको," अण्णा म्हणाले. "रात्री खोकला होतो."

दादाला हे कळवले तेव्हा तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "मग विचारत बसू नकोस. जूनमध्ये मी येतो. धरून नेऊ ऑफिसात आणि सही घेऊ. त्यांना काय कळणार आहे?" मला हे बोलणे खटकले, असे लिहायला मला आवडले असते. पण खरे सांगायचे तर मला सुटल्यासारखे वाटले.

इकडे मोटारीचा दिवा काही पाठ सोडीना. शहरातल्या एका मोठ्या गॅरेजात मी ती नेली. तेथल्या चुणचुणीत तरुणाने स्टिअरिंगखाली एक तार खुपसली, हातातल्या पाटीवर पाहिले आणि सांगितले, "पी ०१८३. फ्यूएल टेंपरेचर सेन्सर." त्यांनी डिझेलचा फिल्टर बदलला आणि तो सेन्सरही बदलला. आठवड्याने साताऱ्याला जाताना दिवा पुन्हा लागला. पुन्हा गॅरेज. या वेळी त्या तरुणाने बराच वेळ खटपट केली आणि गंभीर चेहरा करून तो म्हणाला, "सर, सेन्सर नवीन आहे, त्यामुळे फॉल्ट तिथे नाही. गाडीचा कॉम्प्युटरच गेलाय. अडतीस हजार रुपये लागतील."

अडतीस हजार! तेवढे पैसे माझ्या चार कादंबऱ्यांनी मिळूनही मला दिलेले नाहीत. शाळेतल्या शिपायाने माझी ही दशा पाहिली आणि मलकापूरच्या बाजूला एक म्हातारे मिस्त्री आहेत, त्यांच्याकडे जा, असे सुचवले. एस. टी.च्या डेपोतून ते निवृत्त झालेले. पत्र्याच्या शेडमध्ये एक बाकडे, भिंतीवर पान्यांची रांग, आणि टेबलावर नातवाने आणून दिलेला एक लहानसा स्कॅनर, अशी त्यांची सारी मिळकत.

मी सारी कहाणी सांगितली. मिस्त्रींनी ती मध्ये एकदाही न तोडता ऐकून घेतली. मग हात पुशीत ते म्हणाले, "गुरुजी, डोकं काय, कवाबी बदलता येतंय. पण डोकं बिघडलं म्हणायच्या आदी त्याला सांगावा काय जातोय, त्ये बघावं लागतंय. गाडी आज हितंच ऱ्हाऊ द्या. सकाळी सातला या. मी यायच्या आदी तिला हात लावायचा न्हाई."

सकाळी मी गेलो. रात्रभर मोटार जागची हललेली नव्हती. एंजिन सुरू न करता त्यांनी फक्त किल्ली फिरवली आणि स्कॅनरचा पडदा माझ्यापुढे धरला. त्यावर तीन आकडे होते. एंजिनातल्या पाण्याचे तापमान २४, आत येणाऱ्या हवेचे २४, डिझेलचे २४. "रातभर हुबी ऱ्हायलेल्या गाडीत तिघांनी येकच बोलाय पायजे," मिस्त्री म्हणाले. "तिघं येकच बोलत्यात. म्हंजे सेन्सरबी खरा आन् ऐकणारा कॉम्प्युटरबी शाणा."

मग माझ्या प्रश्नांना उत्तरे देता देता त्यांनी मला जे समजावले, ते मी येथे माझ्या भाषेत सांगतो. डिझेल तापले की पातळ होते आणि फुगते. लिटरभर डिझेलचे वजन सुमारे ८३० ग्रॅम. पण तेच ५० अंशांनी तापले, तर त्याच लिटरात जवळजवळ चार टक्के डिझेल कमी मावते. पेट्रोलपंपावर घनता पाहायला तरंगती नळी आणि तापमापक दोन्ही ठेवतात ते यामुळेच. नुसत्या घनतेला तापमानावाचून अर्थ नसतो. एंजिनातला पंप डिझेलवर हजार हजार वातावरणांहून अधिक दाब देतो, त्यात ते तापते, आणि जास्तीचे तापलेले डिझेल परत टाकीत जाते. उन्हाळ्यात, घाटात, टाकीत थोडेच डिझेल असताना ही उष्णता भराभर वाढते. मोटारीच्या संगणकाला प्रत्येक वेळी किती डिझेल आत सोडायचे ते ठरवायचे असते; म्हणून ते किती तापले आहे, ही खबर त्याला सतत हवी असते. ती खबर देणारा तो सेन्सर. त्याच्या टोकाशी एक बारीकसा मणी असतो. बहुतेक धातू तापले की विजेला अधिक अडवतात. हा मणी उलट तापला की कमी अडवतो. हा उफराटा स्वभाव मायकेल फॅरडेला १८३३ साली रुप्याच्या आणि गंधकाच्या एका संयुगात दिसला होता, असे मी नंतर वाचले.

जुना सेन्सर गॅरेजवाल्यांनी मला परत दिला होता आणि तो मोटारीच्या खणात तसाच पडून होता. मिस्त्रींनी तो मागून घेतला. मीटरच्या दोन सुया त्याला लावल्या. सुमारे दोन हजार ओहम. मग त्यांनी तो माझ्या मुठीत दिला. आकडा हळूहळू उतरू लागला. समोरच्या टपरीवरून त्यांनी चहाच्या ग्लासात कढत पाणी आणवले आणि सेन्सरचे टोक त्यात बुडवले. आकडा पाचशेच्याही खाली गेला. "बगा," ते म्हणाले, "ह्यो बिचारा जुनाबी शाबूत हाय. उगंच भायेर काढला त्येला."

त्या निर्दोष सेन्सरकडे पाहून मला, का कोण जाणे, फार अपराधी वाटले.

आता त्यांनी एंजिन सुरू केले. डिझेलचा आकडा २४ वरून सावकाश चढू लागला. तो ४१ वर आला तेव्हा त्यांनी वायरींचा जुडगा एका ठिकाणी दोन बोटांनी हलकेच हलवला. पडद्यावर झटकन उमटले, उणे ४०. हात सोडला, पुन्हा ४१. पुन्हा हलवला, उणे ४०.

"उणे चाळीस?" मी चकित होऊन म्हणालो. मे महिन्यात, मलकापुरात!

"तार तुटली की कॉम्प्युटरला तसंच वाटतंय," मिस्त्री शांतपणे म्हणाले. "ह्यो तारंतनं पाच व्होल्ट धाडतोय आन् मणी किती अडवतोय त्यावरनं गरमी वळकतोय. मणी थंड आसला की लई अडवतोय. तारच तुटली तर काय पुढं जाईतच न्हाई. मग ह्यो म्हणतोय, आरं बाबा, लईच थंडी पडली. त्याला जे कळलं, त्या हिशेबानं त्यो बरोबरच बोलतोय. आन् खबर आशी उड्या मारायला लागली, की त्यो भितोय आन् हात आखडता घेतोय. म्हणून गाडी घाटात चालंना."

त्यांनी सेन्सरचे जोडणीचे टोक काढले आणि त्याच्या दोन छिद्रांत तारेचा एक तुकडा बसवून ती दोन्ही एकत्र जोडली. आकडा एकदम शंभराच्या पार गेला. म्हणजे संगणक नीट वाचीत होता. पण तोच जुडगा हलवताच आकडा पुन्हा उणे ४० वर कोसळला. आता शंकेला जागा उरली नाही. सेन्सर चांगला, संगणक चांगला, वाटेत कुठेतरी सांगावा अडत होता. एका लोखंडी पट्टीवर घासून ती वायर आतून तुटली होती. वरचे प्लॅस्टिकचे आवरण मात्र जसेच्या तसे. थंड असताना तांब्याची दोन टोके एकमेकांना टेकत. एंजिन तापले, थरथरू लागले, की सुटत. मिस्त्रींनी तेवढा तुकडा कापला, नवी वायर झाळली, वर नळी चढवून ती पट्टीपासून दूर बांधली. साडेतीनशे रुपये. कापलेला बोटभर तुकडा त्यांनी माझ्या तळहातावर ठेवला. "भायेरनं बगून कळतंय का काय?" त्यांनी विचारले.

कळत नव्हते.

घरी आलो तो जेवणाची वेळ झाली होती. अण्णा ताटावर बसले होते. ही वाढत होती आणि सवयीने, उत्तराची अपेक्षा न ठेवता, म्हणाली, "भात वाढू?" अण्णा म्हणाले, "हात धुतले." आणि त्यांनी आपले दोन्ही ओले हात शाळेतल्या पोराप्रमाणे पुढे करून दाखवले.

मी दारातच थांबलो. भात, हात. गोळी, होळी. भाजी, माझी. फोन, कोण. सही, दही. गाडी तापली, साडी फाटली. चार वर्षे मी हे ऐकत होतो. मी शब्दांवर जगणारा माणूस. यमके जुळवायला बसलो असतो, तर इतकी जुळली नसती! अण्णांचे एकही उत्तर चुकलेले नव्हते. त्यांना जे कळले, त्या हिशेबाने ते बरोबरच बोलत होते. प्रश्नच त्यांच्यापर्यंत दुसरा पोचत होता. आणि आम्ही गॅरेजातल्या त्या पोरासारखे सरळ म्हणून मोकळे झालो होतो, की डोके गेले.

दुसऱ्याच दिवशी त्यांना कानाच्या डॉक्टरांकडे नेले. त्यांनी आधी दोन्ही कानांतला दगडासारखा झालेला मळ काढला. मग बंद खोलीत बसवून, निरनिराळ्या पट्टीचे आवाज ऐकवून, कागदावर एक आलेख काढला. रेघ डावीकडे बरीच वर होती आणि उजवीकडे घसरगुंडीसारखी खाली उतरत होती. वयामानाने उंच पट्टीचे आवाज आधी जातात, असे डॉक्टरांनी सांगितले. स्वर खालच्या पट्टीत असतात, ते ऐकू येतात. स, त, क, प यांसारखी व्यंजने उंच पट्टीतली, ती गळून पडतात. म्हणून माणसाला आपण बोललो हे कळते, पण काय बोललो ते कळत नाही. मग त्या रिकाम्या जागा तो आपल्या अकलेने भरतो. या वयात विसराळूपणाही असू शकतो, तोही तपासून घ्या, पण आधी कान, असे त्यांनी बजावले. आम्ही तेही केले. वाराबरोबर तारीख सांगण्यात अण्णा माझ्यापेक्षा सरस निघाले.

यंत्र बसवल्यावर सवय व्हायला तीन आठवडे गेले. पहिल्या दिवशी भांड्यांच्या आवाजाने ते वैतागले. दुसऱ्या दिवशी पावसाचा आवाज ऐकत ओसरीत बसून राहिले. जूनच्या अखेरीस दादा आला. आम्ही दोघे अण्णांसमोर बसलो, आणि जमिनीचे सारे मी पहिल्यापासून सांगितले. किंमतही सांगितली. अण्णांनी मिस्त्रींसारखेच मध्ये न बोलता ऐकून घेतले. मग त्यांनी तीन प्रश्न विचारले. मागच्या वाडीला जायची वहिवाट त्या जमिनीतून आहे, ती कागदात लिहिणार का? विहिरीत चुलत्यांचा निम्मा हिस्सा आहे, त्यांना विचारले का? आणि ज्या घराने तीस वर्षे ती जमीन कसली, त्यांना हे आपण सांगणार की गिऱ्हाईक सांगणार?

दादाने माझ्याकडे पाहिले. आम्हा दोघांपैकी कुणालाही यातला एकही प्रश्न सुचला नव्हता. व्यवहार अजून व्हायचा आहे. होईलही कदाचित, पैशाची गरज दोघांनाही आहे, आणि अण्णांनी नाही म्हटलेले नाही. मात्र आता तो होईल तेव्हा अण्णा आपल्या पायांनी ऑफिसात जातील आणि कागद स्वतः वाचून सही करतील.

त्या रात्री अण्णांचे अंथरूण घालताना मी त्यांना म्हणालो, "अण्णा, ऐकू येत नाही, हे तुम्ही आम्हांला सांगितलं का नाही?"

ते कानातले यंत्र काढून डबीत ठेवायला निघाले होते. हात तसाच थांबवून ते म्हणाले, "ऐकू येत नाही, असं मला वाटतच नव्हतं रे. मला वाटायचं, तुम्ही माझ्याविषयीच काहीतरी बोलत असता, म्हणून आवाज खाली घेता."

मी काही बोललो नाही. त्यांचा तो समज चुकीचा होता असे मला म्हणता येईना. अण्णांनी डबी उशाशी ठेवली, आणि मी दिवा मालवला.